क गटातल्या मुलींचा दर्जा

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. दर्जानिश्चिती अधिकारी,
कयाधू खोरे कुमार-कुमारी फुटबॉल लीग,
हिंगोली.

अर्जदार : साधना ज्ञानबा गडदे, क्रीडाशिक्षिका (तासिका तत्त्वावर), रा. बोरखडी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

विषय : बोरखडी कन्या फुटबॉल संघाचा दर्जा प्रत्यक्ष खेळ पाहून ठरवण्याबाबत, तसेच कु. शितल सुदाम राठोड हिच्या निवड चाचणीसंबंधी लेखी खुलासा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज. २) 'तौलनिक गुणांक' या विषयावरील आपल्या कार्यालयाची पत्रे. ३) निवड चाचणीच्या दिवशी प्रवेशद्वारावर मिळालेली चिठ्ठी.

महोदय,

माझे आधीचे अर्ज एकेका पानाचे होते आणि त्यांना उत्तरे एकेका ओळीची आली. या वेळी सगळे पहिल्यापासून लिहीत आहे, म्हणजे कोणती गोष्ट कशामुळे घडली हे आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. अर्ज लांबला आहे. तरी तो शेवटपर्यंत वाचावा, कारण खरी मागणी शेवटीच आहे.

१. मी बोरखडीच्या माध्यमिक शाळेत खेळाचे तास घेते. आमचे घर मेंढपाळाचे. वडील अजूनही गावच्या गायरानावर मेंढ्या चारतात. नांदेडला कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले, आणि परत आल्यावर त्याच गायरानावर, मेंढ्या एका अंगाला हाकलून, मुलींना खेळ शिकवू लागले. संघात निम्म्या मुली गावातल्या आणि निम्म्या शेजारच्या तांड्यावरच्या आहेत. शितल राठोड ही तांड्यावरची, दहावीत शिकणारी. ती मधल्या फळीत खेळते. सरावाच्या सुरुवातीला ती अजूनही बूट काढून ठेवते. विचारले तर म्हणते, "मॅडम, आधी चेंडूची वळख होऊ द्या, मंग बूट." याहून जास्त कौतुक मी तिचे करणार नाही, कारण प्रशिक्षकाचा शब्द पुरावा म्हणून धरता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने मला आधीच कळवले आहे.

तांड्यावरून अकरावीला जायचे म्हणजे आखाडा बाळापूर गाठावे लागते. सकाळची बस मिळते, परतीची मिळेलच असे नाही. म्हणून आमच्याकडच्या बहुतेक मुलींची शाळा दहावीलाच संपते. लीगमधून निवडल्या गेलेल्या मुलींना मात्र क्रीडा वसतिगृहात राहून पुढे शिकता येते. शितलपुढे दुसरा रस्ता नाही. तिचे वडील सुदाम राठोड यांनी मला पावसाळ्यातच सांगितले होते, "मॅडम, पोरीला एक डाव देतो. पास झाली तर खुशाल घेऊन जा. नापास झाली तर मंग माझ्या घरचं मी बघीन. तवा तुमी मधी बोलायचं न्हाई." मी हो म्हटले. मला वाटले, तिला डाव मिळाला तर पुढचे ती पाहून घेईल.

२. आपल्या लीगमध्ये शहरातले संघ अ गटात, तालुक्याच्या ठिकाणचे ब गटात आणि खेडी व तांडे क गटात आहेत. निवड चाचणीला फक्त अ गटातील खेळाडूंना बसता येते. खालच्या गटातील संघाने आपला दर्जा सिद्ध केल्यास त्याला वर घेता येईल, असे आपल्या नियमपुस्तिकेत आहे. गेल्या हंगामात आम्ही क गटातला एकही सामना हरलो नाही. म्हणून मी अर्ज केला. उत्तर आले, "तौलनिक गुणांक अपुरा."

याचा अर्थ विचारायला मी कार्यालयात आले. तेथील लिपिक श्री. उत्तमराव यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नीट समजावून सांगितले. निरनिराळ्या गटांतले संघ एकमेकांशी खेळत नाहीत, म्हणून त्यांची तुलना गुणांकावर होते. विजय किती मोलाचा, हे हरलेल्या संघाच्या ताकदीवरून ठरते. आणि हरलेल्या संघाची ताकद ठरते त्याने किती गोल खाल्ले यावरून.

मी विचारले, "म्हणजे आम्ही जितके जास्त गोल घालू, तितके समोरचे दुबळे ठरणार?"

"बराबर."

"आणि ते जितके दुबळे, तितका आमचा विजय हलका?"

"एकदम बराबर. तुम्हाला लवकर समजलं, मॅडम," ते म्हणाले. "लोकांना दोन-दोन खेपा घालूनबी समजत नाही."

३. दिवाळीनंतर हिंगोलीचा अ गटातला एक संघ शिबिरासाठी कळमनुरीला आला होता. त्यांच्या प्रशिक्षकांनीच मैत्रीचा सामना खेळू म्हणून निरोप धाडला. आम्ही ३-१ ने जिंकलो. सामना संपल्यावर त्यांची कर्णधार कु. शिला स्वतः चालत आली आणि तिने शितलला विचारले, "तू कोणत्या क्लबची?" शितल म्हणाली, "तांड्याची." त्या दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या.

सामन्याचे छायाचित्र व दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या मी आपल्याला पाठवल्या. मैत्रीचा सामना अधिकृत नसल्याने धरता येत नाही, असे उत्तर आले. मग मी अधिकृत सामना मागितला. दोन्ही गटांचा दर्जा तुलनायोग्य नसल्याने तसा सामना घेता येत नाही, असे उत्तर आले. दर्जा तुलनायोग्य आहे की नाही हे कळावे म्हणूनच सामना मागितला होता, असे मी पुढच्या अर्जात लिहिले. त्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

४. डिसेंबरात मी पुन्हा कार्यालयात आले तेव्हा शितल माझ्यासोबत होती. श्री. उत्तमराव यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, माझं ऐका. थोडं कमी खेळा. समोरच्याला दोन गोल करू द्या. गटाचा दर्जा वर सरकला की तुमचाबी सरकंल." ते मनापासून बोलले. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. परतीच्या बसमध्ये मी शितलला बजावले की असले काही करायचे नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

पुढचा सामना आमच्याच गायरानावर, औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका खेड्याच्या संघाशी होता. त्यांची गोलरक्षक कु. संगिता ही उंच, धीट मुलगी. त्या दिवशी शितल गोलसमोर एकटी असताना चेंडू मागे देऊ लागली. एकदा तर तिने तो सरळ रेषेबाहेर घालवला. बाकीच्या मुली तिच्याकडे पाहू लागल्या आणि त्यांचेही पाय जड झाले. मी बाजूला उभी राहून ओरडत होते, पण तिने ऐकले नाही. आमच्यावर दोन गोल झाले. आम्हीही कसेबसे दोन केले. उत्तरार्धात शितलने मारलेला एक चेंडू लहान लेकराकडे सोडावा तसा घरंगळत संगिताच्या हातात गेला.

संगिताने तो चेंडू खाली ठेवला आणि गोल सोडून मैदानाच्या मध्यावर चालत आली. "ए राठोड, काहून असं करून राहिली? आमी इथं भीक मागाया आलो का?"

शितल चेंडू आणायला गोलकडे वळली, तर संगिताने तिला थांबवले.

"मागल्या खेपेला तू मला सात गोल घातले. मी घरी जाऊन रडले. पर ते सात गोल खरे व्हते. हे दोन घेऊन मी काय करू?"

एवढे बोलून तिने हातमोजे काढले आणि चालू लागली. तिच्यामागे तिचा सगळा संघ गेला. शितल पळत त्यांच्या टेम्पोपर्यंत गेली. टेम्पोच्या फाळक्यावर त्या दोघी बसल्या आणि शितल तिला हातवारे करून गुणांक समजावू लागली, हे मी लांबून पाहिले. टेम्पो गेल्यावर ती माझ्याकडे आली. डोळे पुसले नव्हते. म्हणाली, "मॅडम, गट कोन्ताबी ठेवा. आता मी असं खेळनार न्हाई."

सामना तेवढ्यावरच थांबवून २-२ असा नोंदला गेला. त्यावर आपल्या कार्यालयाचे जे पत्र आले त्यातला मजकूर असा : क गटाचा दर्जा किंचित सुधारला आहे, परंतु बोरखडी संघाची कामगिरी खालावली आहे, सबब गुणांक पूर्वीप्रमाणेच अपुरा. महोदय, हे पत्र मी शाळेच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचले. आम्ही जिंकलो तर गट दुबळा ठरतो, आणि न जिंकलो तर आम्ही दुबळे ठरतो. तिसरे काही करता येण्यासारखे असल्यास ते मला कळवावे, मी ते मुलींना शिकवीन.

५. निवड चाचणी जानेवारीत हिंगोलीला झाली. क गटाला प्रवेश नाही हे मला माहीत होते. तरीही मी शितलला घेऊन गेले. दारात उभे राहून विनंती केली तर कोणी तरी ऐकेल, असे वाटले. सुदामभाऊ इस्त्रीचा सदरा घालून सोबत आले. तिची आई पारुबाई हिने आम्हा तिघांची भाकरी बांधून दिली होती.

अ गटाचे ओळखपत्र निळे आणि आमचे पिवळे. प्रवेशद्वारावरच्या माणसाने पिवळे ओळखपत्र लांबूनच ओळखले. मी विनवण्या केल्या. तो म्हणाला, मला हुकूम नाही. सुदामभाऊ समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहून हे सगळे पाहत होते.

मधल्या सुट्टीत आतल्या मुली पाणी प्यायला बाहेर आल्या. त्यांत शिला होती. तिने शितलला पाहिले, आत जाऊन चेंडू आणला आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या मोकळ्या जागेत त्या खेळू लागल्या. आधी दोघीच होत्या, मग सात-आठ जणी झाल्या. निवड समितीचे एक सदस्य चहासाठी बाहेर आले होते. ते थांबले. त्यांचा चहा हातातच गार झाला, इतका वेळ ते पाहत होते.

शिला त्यांना म्हणाली, "सर, हिला आत घ्या ना. ही आमच्यापेक्षा भारी खेळते."

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. त्यांनी हातातला तक्ता उलटसुलट पाहिला. "पण हिला लिहू कुठं? इथं रकाना फक्त अ गटाचा आहे."

मी म्हटले, "सर, खाली लिहा."

"खाली बेरीज आहे, मॅडम."

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. दारापर्यंत आलेल्या प्रत्येक खेळाडूला काही तरी लेखी द्यावेच लागते, म्हणून त्यांनी आतून एक चिठ्ठी आणली, तिच्यावर शितलचे नाव लिहिले आणि शिक्का मारला. शिक्क्यात एकच शब्द होता : अपात्र.

६. ती चिठ्ठी सुदामभाऊंनी मागून घेतली. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी एकेक अक्षर लावून तो शब्द वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. भाकरी बांधलेली तशीच परत आली. तांड्यावर पोचल्यावर त्यांनी ती चिठ्ठी तांड्याचे नाईक प्रेमदास यांना दाखवली. नाईकांनी सांगितले, "अपात्र म्हंजे लायक न्हाई." दिवस मावळायच्या आत सगळ्या तांड्यावर झाले की सुदामची पोरगी नापास झाली.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. "सुदामभाऊ, अपात्र हे आमच्या गटाला म्हटलंय. शितलची चाचणी झालीच नाही," असे मी सांगितले.

ते शांतपणे म्हणाले, "मी तिथंच व्हतो, मॅडम. त्या सायबानं तिचा खेळ बघितला. माझ्या डोळ्यादेखत बघितला. बघून मंग शिक्का मारला."

 

७. त्या दिवसापासून शितल मैदानावर येत नाही. शाळेत येते, मागच्या बाकावर बसते, घंटा झाली की निघून जाते. तिचे बूट तिच्या धाकट्या बहिणीच्या पायात दिसले. मागच्या आठवड्यात तिच्या घरी पाहुणे येऊन गेले. ते कशासाठी आले होते, हे मी या अर्जात लिहीत नाही. शितल पंधरा वर्षांची आहे, एवढेच नमूद करते. पारुबाईने मला विहिरीवर गाठून विचारले, "मॅडम, काही व्हईल का ओ?" मी तिला धीर दिला. कशाच्या जोरावर दिला, ते माझे मलाच माहीत नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की मी तासिका तत्त्वावर आहे आणि पालकांच्या घरगुती बाबीत पडणे माझ्या कामात बसत नाही. पावसाळ्यात मी सुदामभाऊंना मध्ये बोलणार नाही असा शब्द दिलेला आहे, तो तर वेगळाच.

पाहुण्यांच्या बाबतीत तो शब्द मी पाळला. पण संगिताने कोणाला शब्द दिलेला नव्हता. तिला कुठून तरी ही हकीकत कळली आणि रविवारी ती आपल्या भावाच्या मोटारसायकलवर बसून थेट तांड्यावर आली. मला वाटेत भेटली म्हणून मीही मागे गेले. सुदामभाऊ दारात बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, आमच्याकडच्या पोरींत मी गोल अडवनारी. माझ्यासारखी दुसरी न्हाई. हिनं मला सात गोल घातले. हिला जर नापास म्हनता, तर मंग मी कोन? सांगा ना."

सुदामभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. आत शितल भिंतीला टेकून बसलेली होती, तिने मान वर केली. सुदामभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी तिच्या मास्तरीण, तुमी तिच्याच बाजूनं बोलनार. ही तिची मैतरीण. मी शिक्क्याचा कागद आनला आन् तांड्याला दाखवला. आता तसाच शिक्क्याचा कागद तुमी आना. चाचणी झाली न्हाई असं त्याच्यावर असू द्या. आनलात तर आनखी एक साल देतो, पाव्हण्यायला मी सांगतो काय सांगायचं ते. पर दहावीचा शेवटला पेपर झाल्यावर आनू नका."

८. आज सोमवारी सकाळी मी आपल्या कार्यालयात आले. आपण दौऱ्यावर आहात. श्री. उत्तमराव यांनी सगळे ऐकून घेतले आणि फार वेळ कपाळ चोळत बसले. मग म्हणाले, "मॅडम, जे झालं त्याचा दाखला मिळतो. जे झालंच नाही त्याचा दाखला आपण कसा देणार?" मी म्हटले, मग चाचणी झाली असा तरी दाखला द्या, म्हणजे त्यात किती गुण मिळाले ते विचारता येईल. ते म्हणाले, "झाली नाही तर झाली असं कसं लिहू?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "न झाल्याचं लिहिलं तर का नाही झाली, हा प्रश्न वर येतो." हा अर्ज मी त्यांच्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. कागद त्यांनीच दिले.

९. माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आपण स्वतः किंवा समितीतील कोणीही एकाने बोरखडीला येऊन आमचा एक सामना पाहावा. आजवर समितीतील कोणीही आमचा एकही सामना पाहिलेला नाही. यायचे असल्यास या महिन्याच्या मध्यापर्यंत यावे. नंतर गावची शिजवलेली हळद गायरानावर वाळत पडते आणि उन्हाळा संपेपर्यंत आम्हाला मैदान नसते.

हे शक्य नसल्यास मी ही मागणी सोडून देते. त्याऐवजी अ गटातल्या कोणत्याही संघाशी आमचा एक अधिकृत सामना लावावा. आम्ही कोठेही येऊ. हरलो तर पुन्हा अर्ज करणार नाही, असे मी लिहून देते.

तेही नियमात बसत नसल्यास तीही मागणी मी मागे घेते. आमचा संघ क गटातच राहू द्यावा. गुणांक आहे तोच ठेवावा. क गटातल्या मुली अ गटापेक्षा किती कमी किंवा किती जास्त खेळतात, हा प्रश्न समितीने सवडीने सोडवावा. त्याला किती हंगाम लागतात ते लागू द्यावेत.

परंतु एक वाक्य मला आत्ता हवे आहे. "कु. शितल सुदाम राठोड हिची निवड चाचणी घेण्यात आलेली नाही." एवढेच. त्यात कारण लिहू नये. समितीचा दोष लिहू नये. तिचे कौतुकही लिहू नये. अक्षर मोठे असावे, कारण ते सुदामभाऊ स्वतः लावून वाचणार आहेत, आणि त्यानंतर नाईकांना दाखवणार आहेत. चिठ्ठीवर होता त्याच आकाराचा शिक्का असावा. लहान असला तर ते मानणार नाहीत.

महोदय, ती मुलगी हरली असती तर मी हा अर्ज केला नसता. हरलेल्या मुलींना मी रोज घरी पोचवते. त्या दुसऱ्या दिवशी परत येतात. शितल हरलेली नाही आणि जिंकलेलीही नाही, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेतून तिला बाहेर काढण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तो आपल्याकडे आहे.

आपण दौऱ्यावरून परत येईपर्यंत मी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून राहणार आहे.

आपली नम्र अर्जदार,

(सही)
साधना ज्ञानबा गडदे
बोरखडी, ता. कळमनुरी

सोबत :
१) कळमनुरी येथील सामन्याचे छायाचित्र व दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या.
२) 'अपात्र' शिक्क्याच्या चिठ्ठीची छायाप्रत. मूळ चिठ्ठी सुदाम राठोड देत नाहीत.
३) कु. संगिता हिचे निवेदन, तिच्या स्वतःच्या अक्षरात.
४) वरील एक वाक्य मोठ्या अक्षरात टंकून घेतलेला कागद. खाली सही व शिक्क्यापुरती जागा कोरी सोडली आहे.